परदेशी राहणारा खातेदार आणि गावची जमीन

मुंबई-गोवा महामार्गावर कुडाळ तालुक्यातील कसाल हे गाव लागते. येथूनच मालवणकडे जाणारा फाटा फुटतो, आणि जिल्ह्याचे मुख्य ठाणे असलेले ओरस येथून जवळच आहे. रस्त्याच्या दोहों बाजूंस वाड्या, भाताचे मळे, आंबा-काजूची कलमे आणि मधून मधून बंद घरे असे या भागाचे रूप आहे. बंद घरांचे मालक पूर्वी मुंबईस असत. गणपतीस व शिमग्यास ते घरी येत आणि त्या दहा दिवसांत जमिनीची कामेही उरकून जात. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या चाकरमान्यांची पुढची पिढी आखाती देशांत, इंग्लंडात, अमेरिकेत जाऊन राहिली आहे. काहींनी तेथील नागरिकत्वही घेतले आहे. गोव्याशी नातेसंबंध असलेल्या कित्येक कुटुंबांत आणखी एक गोष्ट आढळते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदविण्याची सवलत असल्याने काहींनी तो मार्ग पत्करला आहे.

अशा कुटुंबातील वृद्ध माणसाला जमिनीचे कागद नीट करण्याविषयी विचारले, की "जमीन खंय पळान जाता?" असे उत्तर हमखास मिळते. जमीन पळून जात नाही हे खरे. परंतु जमिनीवरील हक्क मात्र नकळत अडकून पडतो, आणि महामार्गाची मोजणी आली, वादळाची भरपाई आली किंवा एखाद्या भावाला पैशाची निकड लागली, की तो अडकलेला हक्क सर्वांनाच अडवितो. त्या वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो ग्रामसेवकास व तलाठ्यास. (२०२४ साली तलाठ्याचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, गावात मात्र तलाठी हाच शब्द चालतो.) यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांस या विषयाची मूलभूत माहिती असणे अगत्याचे आहे.

परदेशस्थ कोणास म्हणावे?

येथेच पहिली चूक होते. लोक समजतात की, पारपत्र भारताचे असेल तर माणूस सर्व बाबतींत इथलाच. विदेशी चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ (तो १ जून २००० पासून अमलात आला) नागरिकत्वापेक्षा वास्तव्याकडे पाहतो. दुबईस नोकरीसाठी गेलेला कसालचा तरुण भारतीय नागरिकच असतो, परंतु या कायद्याच्या दृष्टीने तो 'भारताबाहेर राहणारी व्यक्ती' ठरतो. ज्याने इंग्लंडचे किंवा पोर्तुगालचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले, त्याचे भारतीय नागरिकत्व नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ प्रमाणे संपुष्टात येते. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. अशा व्यक्तीस भारतीय वंशाच्या आधारे 'ओसीआय' कार्ड घेता येते. ही योजना २००५ च्या अखेरीस सुरू झाली. कार्डामुळे येणे-जाणे सुलभ होते आणि काही आर्थिक हक्क मिळतात, तथापि शेतजमिनीच्या खरेदीचा हक्क त्यात नाही. केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

विकत घेणे

परदेशस्थ भारतीय असो वा ओसीआय कार्डधारक असो, त्याला भारतात शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. नात्यातल्या माणसाने बक्षीसपत्राने दिली तरी घेता येत नाही. २०१९ च्या नियमांतही हाच निर्बंध कायम आहे. राहते घर, सदनिका किंवा रीतसर बिनशेती झालेला भूखंड मात्र त्याला घेता येतो. हमरस्त्यालगत 'फार्महाऊस प्लॉट'च्या पाट्या दिसतात, त्यांपुढे उभे राहणाऱ्या पाहुण्याला ग्रामसेवकाने एवढेच विचारावे: सातबाऱ्यावर ही जमीन शेती आहे की बिनशेती? आदेश कोणत्या तारखेचा? पाटीवर काय लिहिले आहे याला काही किंमत नाही.

याउपर महाराष्ट्राचा स्वतःचा निर्बंध आहे. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ अन्वये, शेतकरी नसलेल्या व्यक्तीस जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन हस्तांतरित करता येत नाही. म्हणजे मुंबईचा, भारतात राहणारा, पण शेतकरी नसलेला गृहस्थही या कलमाच्या कचाट्यात येतोच. परदेशस्थाच्या वाटेत मात्र दोन दारे आहेत, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. शेतकरी असल्याचा दाखला मिळाला म्हणून विदेशी चलनाचा निर्बंध सुटत नाही. कलम ६३ मोडून झालेला व्यवहार कलम ८४-क खाली तहसीलदारास अवैध ठरविता येतो व जमीन सरकारजमा होण्याची पाळी येऊ शकते. विदेशी चलनाचा कायदा मोडल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

मग लोक काय करतात? पैसे परदेशातून पाठवितात आणि जमीन गावच्या भावाच्या नावावर घेतात. भावाला ती रक्कम खरोखर देऊन टाकली असेल आणि जमीन मनापासून त्याचीच असेल, तर प्रश्न नाही. परंतु 'नाव तुझे, जमीन माझी' असा समज असेल, तर तो व्यवहार बेनामी ठरण्याचा धोका आहे. बेनामी व्यवहारांचा १९८८ चा कायदा १ नोव्हेंबर २०१६ पासून अधिक कडक झाला. त्यात भावंडांच्या संयुक्त नावाने केलेल्या खरेदीस सवलत आहे, पण पैसे देणाऱ्याचेही नाव दस्तात हवे. परदेशस्थाचे नाव शेतजमिनीच्या दस्तात येऊच शकत नसल्यामुळे ती सवलत त्याला उपयोगी पडत नाही. शिवाय भाऊ वारला, की त्याच्या पत्नीला व मुलांना त्या जुन्या समजाची आठवण असतेच असे नाही. कायदा बाजूला ठेवला तरी घर मोडण्यास एवढे कारण पुरते.

नोकरी संपवून कायमचा परत येऊन येथे स्थायिक झालेला भारतीय नागरिक पुन्हा 'भारतात राहणारी व्यक्ती' होतो. तो शेतकरी असल्यास त्याला जमीन घेण्यास अडचण नाही. पाचसात वर्षे थांबण्याची तयारी असेल तर हाच सरळ मार्ग आहे.

वारसाने आलेली जमीन

विकत घेण्यास मनाई असली तरी वारसाहक्काने शेतजमीन मिळण्यास मनाई नाही. ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते, आणि तिच्या अज्ञानापायी परदेशातील भावाला 'तुझा आता हक्कच राहिला नाही' असे सांगणारे गावात भेटतात. ते खोटे आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ६(५) मध्ये असे स्पष्ट म्हटले आहे की, भारतात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारसाने आलेली, किंवा स्वतः भारतात राहत असताना मिळविलेली स्थावर मालमत्ता परदेशी राहणाऱ्यास धारण करता येते. परदेशात जन्मलेल्या मुलांनाही वारसाहक्क आहे. हिंदू कुटुंबात १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलगे, मुली, विधवा पत्नी व माता यांना सारखा हक्क पोचतो. ख्रिस्ती कुटुंबांस १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू आहे.

मृत्युपत्राचा प्रश्न मात्र नाजूक आहे. शेतकरी नसलेल्या माणसास मृत्युपत्राने शेतजमीन देणे हेही हस्तांतरणच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली गुजरातमधील एका प्रकरणात दिला. तो निर्णय १९४८ च्या याच मूळ कायद्याच्या कलम ४३ व ६३ विषयी आहे. तेव्हा परदेशातील पुतण्याच्या नावे मृत्युपत्र करण्यापूर्वी जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. आजोबांच्या नावे दीड हेक्टर जमीन: थोडा भाताचा मळा, बाकी वरकस, त्यात काजूची झाडे आणि घरठाण. कोकणात घर बहुधा वाडीतच, सर्व्हे नंबरात असते. म्हणून जमिनीचा प्रश्न हाच घराचाही प्रश्न असतो. आजोबा वारून तीस वर्षे झाली. सातबाऱ्यावर नाव आजोबांचे, किंवा थोरल्या मुलाचे आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक, अशी अक्षरे. थोरला गावात राहून कसतो, मधला मुंबईस, धाकटा परदेशी नागरिक, आणि दोघी बहिणी सासरी. सारा थोरला भरतो. घरपट्टीही त्याच्याच नावे आहे.

थोरल्याला वाटते की, इतकी वर्षे राखली म्हणजे जमीन आपली. धाकट्याला वाटते की, नाव नाही म्हणजे हक्क गेला. दोघेही चुकतात. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा इतरांच्याही वतीने असतो, असे न्यायालये मानतात. दुसऱ्यांचा हक्क उघडपणे नाकारल्यावाचून नुसत्या बारा वर्षांच्या वहिवाटीने तो नाहीसा होत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरील कर आकारणीची नोंद हा मालकीचा पुरावा नव्हे. उलट, फेरफार नोंदीनेही मालकी निर्माण होत नाही. ती केवळ असलेला हक्क सरकारदप्तरी दाखविते. परंतु दप्तरात हक्क दिसला नाही तर व्यवहारात तो नसल्यासारखाच होतो. महामार्गाच्या रुंदीकरणात या पट्ट्यातील लोकांनी ते अनुभवले आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली भरपाईच्या वाटणीबद्दल वाद निघाला, तर तो निर्णयासाठी दिवाणी न्यायालयाकडे पाठविला जातो. निकाल लागेपर्यंत पैसा कोणाच्याच हाती पडत नाही. मे २०२१ च्या 'तौक्ते' वादळासारख्या प्रसंगी मदतीची रक्कम सामाईक खात्यातील एकाच्या नावे द्यावयाची झाली, तर इतरांची संमती लागते, आणि संमती देणारा समुद्रापार असतो.

उपाय खर्चाचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे, वारसाने हक्क मिळाल्याची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावयाची असते. मुदत उलटली म्हणून हक्क जात नाही. उशिराही नोंद होते. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र आणि अर्ज एवढे लागते. तलाठी ती गाव नमुना ६ मध्ये लिहितो, चावडीवर प्रसिद्ध करतो, हितसंबंधितांस नोटिसा देतो, आणि पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्ज 'ई-हक्क' प्रणालीवरूनही करता येतो, म्हणून त्यासाठी परदेशातून येण्याची गरज नाही. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर चाललेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेचा हेतूही मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हाच होता. ज्या घरांनी ती संधी घेतली नाही, त्यांना नेहमीच्या मार्गाने आजही नोंद करता येते.

वारसांच्या यादीत एकही नाव गाळू नये. बहिणींची नावे 'त्या काही मागणार नाहीत' म्हणून गाळण्याची रीत फार वाईट आहे. त्यांना हक्क सोडावयाचा असेल तर तो नोंदणीकृत हक्कसोडपत्राने सोडता येतो; तोंडी सोडलेला किंवा साध्या कागदावर लिहून दिलेला हक्क सुटत नाही. परदेशी गेलेल्या भावाचा पत्ता 'माहीत नाही' असा लिहून नोंद रेटणे हेही तसेच. वर्षे उलटून गेल्यावर तोच कागद न्यायालयात उलटा पडतो.

नावे लागली, की वाटपाचा विचार करता येतो. सर्व सहधारक राजी असतील तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. मात्र तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा ध्यानात ठेवावा. २०२३ साली प्रमाणभूत क्षेत्र कमी होऊन ते राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीस २० गुंठे व बागायतीस १० गुंठे झाले. पाच जणांनी पंधरा गुंठ्यांचे पाच भाग मागितले तर ते मिळणार नाहीत. मळा एकाकडे, वरकस दुसऱ्याकडे, घरठाण तिसऱ्याकडे, अशी अदलाबदल घरातच बसून ठरविल्यास निम्मे काम होते.

जमीन पडीक का राहते?

परदेशस्थांच्या जमिनी या भागात ओस पडलेल्या दिसतात, आणि त्याचे कारण आळस नव्हे, भीती हे आहे. 'दुसऱ्याला कसायला दिली की कूळ लागते' ही ती भीती. ती अगदीच निराधार नाही. १९४८ च्या कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस मालकाच्या कुटुंबातील, पगारी नोकर किंवा ताबेगहाणदार नसेल, तर तो कूळ मानला जातो. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनानंतर निर्माण झालेल्या कुळवहिवाटीतही कलम ३२-ओ अन्वये कुळास, वहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत, जमीन विकत घेण्याचा हक्क दिलेला आहे. ज्यांच्या आजोबांनी खोताच्या जमिनी कसल्या त्यांना या कायद्याने मालक केले, ही गोष्ट विसरता कामा नये. आज त्यांचेच नातू मालक म्हणून त्याच कायद्याला भितात.

परंतु हाच कायदा मार्गही दाखवितो. स्वतः कसणे म्हणजे स्वतःच नांगर धरणे एवढाच त्याचा अर्थ नाही. कुटुंबातील माणसाच्या श्रमाने, किंवा आपल्या अथवा कुटुंबातील माणसाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली मजुरांकडून केलेली शेती हीदेखील स्वतः कसणेच होय. अट अशी की, मजुरी रोख किंवा धान्यरूपाने ठरलेली असावी. पिकाचा वाटा म्हणून नसावी. म्हणून अर्ध्या वाट्याने जमीन देण्याची जुनी सोय मालकाच्या दृष्टीने धोक्याची, आणि हजेरी लिहून मजुरी देणे सुरक्षित. मजुरीच्या पावत्या जपून ठेवाव्या. ई-पीक पाहणीत (ती २०२१ पासून सुरू आहे) पीक वेळच्या वेळी नोंदवावे, कारण नमुना १२ कोरा राहिला तर स्वतः कसल्याचा पुरावाच उरत नाही. आंबा-काजूच्या बागेत एका हंगामाचे फळ उभ्या झाडांवर विकण्याची पद्धत आहे. करारात जमीन दिल्याचा शब्द न घालता केवळ अमुक हंगामाचे फळ विकले असे लिहावे. खत, फवारणी, राखण कोणी करावयाची हे नमूद करावे, आणि करार दरसाल नवा करावा.

कसणाऱ्या शेजाऱ्याची बाजूही पाहिली पाहिजे. त्याने गवत काढले, बांध घातले, वणव्यापासून कलमे वाचविली, आणि मालक दहा वर्षांनी येऊन त्याला हुसकून लावतो, असे घडते. तोंडी बोली दोघांच्याही हिताची नाही. ग्रामसेवकाने दोघांस समोरासमोर बसवून अटी लिहून काढण्यास साह्य करावे.

गडगा, पायवाट, झाड

दीर्घ काळाने परतलेला मालक बहुधा पहिले काम करतो ते गडगा घालण्याचे. चिऱ्यांचा उंच गडगा उभा राहतो आणि त्याखाली व्हाळाकडे किंवा मळ्याकडे जाणारी पायवाट गडप होते. नकाशात पायवाट दिसत नसली तरी वहिवाटीचा हक्क असू शकतो. अडवणूक झाल्यास शेजाऱ्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते, आणि शेतात जाण्यास वाटच नसल्यास महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मागता येते. गडग्यापूर्वी भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी व वाडीतील जुन्या माणसांस विचारावे. परदेशात कुंपण ही केवळ मालकाची बाब असेल, येथे ती सगळ्या वाडीची असते.

गडग्यासाठी चिरा स्वतःच्याच जमिनीतून काढला तरी गौण खनिजाची परवानगी लागते. झाडांचेही तसेच. १९६४ च्या झाडे तोडण्याच्या नियमनाच्या कायद्यात आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, साग, जांभूळ इत्यादी झाडे अनुसूचित आहेत. परवानगीवाचून ती तोडता येत नाहीत. कोकणात जमीन एकाची आणि त्यातील जुना आंबा किंवा फणस दुसऱ्याचा, असेही असते. सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना त्यासाठी वाचावा. तेथेच खाजगी वनाची नोंद सापडण्याचा संभव असतो. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी अशी वने सरकारजमा झाली. ती नोंद असेल तर जमिनीस हात लावण्यापूर्वी वन खात्याकडे चौकशी करावी.

मुखत्यार आणि विक्री

प्रत्येक कामासाठी येणे शक्य नसल्याने मुखत्यार नेमावा लागतो. परदेशात केलेले मुखत्यारपत्र तेथील नोटरीपुढे किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे, आणि ते येथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा. सर्व अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र शक्यतो टाळावे. वारस नोंद, मोजणी, वाटप अशी कामे नावनिशीवार लिहावी. विक्रीचा अधिकार द्यावयाचाच असेल तर तो स्वतंत्र पत्राने द्यावा. मुखत्यारपत्र म्हणजे खरेदीखत नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निक्षून सांगितले आहे. देणारा वारला की सर्वसाधारण मुखत्यारपत्र संपते. त्यानंतर त्याच पत्रावर सही करणारा चुलतभाऊ स्वतःही अडचणीत येतो आणि घेणाऱ्यासही आणतो.

वारसाने आलेली शेतजमीन परदेशस्थास विकता येते, पण ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच, आणि कलम ६३ मुळे तो शेतकरी असला पाहिजे. दुसऱ्या परदेशस्थास, मग तो सख्खा भाऊ का असेना, ती विकता येत नाही. जमीन कुळकायद्याने मिळालेली असल्यास कलम ४३ ची नोंद पाहावी. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, वर्ग एकच्या वारसांपैकी कोणी आपला हिस्सा विकावयास काढला तर तो घेण्याचा पहिला हक्क इतर वारसांचा आहे. हे कलम शेतजमिनीसही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले. म्हणजे धाकट्याने परस्पर गिऱ्हाईक आणण्याआधी गावातल्या थोरल्यास लेखी विचारावे, आणि थोरल्यानेही वाजवी भाव देण्याची तयारी ठेवावी. विक्रीची रक्कम परदेशस्थाच्या येथील एनआरओ खात्यात जमा करावी. कराची प्रमाणपत्रे दिल्यावर तेथून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते.

ही सर्व कामे गणपतीच्या दहा दिवसांत उरकण्याचा हट्ट धरू नये. त्या दिवसांत कचेऱ्यांतही सुट्ट्या असतात. सातबारा, ८अ आणि जुन्या फेरफारांच्या नकला उन्हाळ्यातच काढून ठेवाव्या, वारसांची यादी सर्वांना आधी पाठवावी, आणि चतुर्थीला सगळी भावंडे घरात असताना अर्जावर सह्या घ्याव्या. अर्ज दिल्यावर त्याची पोच, तारीख व शिक्क्यासह, मागून घ्यावी.